ट्रॅक्टरला कुंकू लावणारा शेतकरी मागास कसा?

वाचकांचे प्रश्न

या महिन्यात विदर्भातून आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच प्रश्नाभोवती फिरणारी होती: आधुनिक कोणाला म्हणायचे आणि ते ठरवायचे कोणी? म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर सर्वांत लांबले आहे, कारण पुढच्या दोन्ही उत्तरांचा पाया त्यातच आहे.

प्रश्न : माझ्याकडे सात एकर कोरडवाहू आणि तीन एकर ओलिताची शेती आहे. यंदा पोळ्याला बैलजोडीबरोबर नव्या ट्रॅक्टरचीही पूजा केली. बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले, चाकाखाली लिंबू ठेवले, नारळ फोडला. पुण्याच्या कंपनीत नोकरीला असलेला माझा पुतण्या त्या दिवशी गावी होता. तो म्हणाला, “काका, यंत्र मॉडर्न घेतलं, पण डोकं अजून पणजोबाचंच आहे. जपान-अमेरिकेत असं कुणी करत नाही.” कापसाचा भाव मी मोबाईलवर पाहतो, माती परीक्षण करून खत देतो, मुलगी नागपूरला नर्सिंग शिकते. मग आमच्यात कमी काय आहे? आणि आधुनिक होण्यासाठी साऱ्या जगाने एकाच साच्यातून निघावे, असे कुठे ठरले आहे काय?
— एक शेतकरी, आर्वी तालुका, जिल्हा वर्धा

उत्तर : आपल्या पुतण्याच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करणे सोयीचे, कारण ते पडताळून पाहता येते. जपानमध्ये घर असो, कारखाना असो की उंच इमारत, बांधकामाला हात घालण्यापूर्वी ‘जिचिनसाइ’ नावाचा भूमिपूजनाचा विधी करण्याची पद्धत आजही सर्रास आहे. मोकळ्या जागेच्या चार कोपऱ्यांत पानांसकट हिरवे बांबू रोवतात, त्यांना गवती दोर बांधून चौकोन आखतात, तांदूळ, मीठ, भाजीपाला आणि ‘साके’ ही तांदळाची दारू वाहतात, शिंतो पुरोहित मंत्र म्हणतो, आणि मग मालक व ठेकेदार वाळूच्या लहानशा ढिगावर फावडे चालवून कामाचा मुहूर्त करतात. त्सू या शहराने १९६५ मध्ये व्यायामशाळेच्या बांधकामासाठी सरकारी पैशातून असा विधी केला, तेव्हा एका नगरसेवकाने त्याला न्यायालयात आव्हान दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि हा समाजात रूढ झालेला लौकिक विधी आहे, त्याने राज्यघटनेचा भंग होत नाही, असा निर्णय १९७७ मध्ये झाला. पंधरापैकी पाच न्यायाधीश मात्र त्याच्या विरोधात होते. अमेरिकेचे म्हणाल, तर आमचा देवावर भरवसा आहे असे सांगणारे वाक्य तिथल्या नोटांवर छापलेले असते आणि १९५६ पासून ते त्या देशाचे अधिकृत बोधवाक्य आहे. तेव्हा आपल्या बॉनेटवरच्या स्वस्तिकाने पुतण्याचे समाधान होत नसेल, तर त्याला टोकियो आणि वॉशिंग्टन या दोन्ही शहरांवर नाराज व्हावे लागेल.

पुतण्याच्या हातातले हे माप आले कुठून, तेही पाहू. दुसऱ्या महायुद्धानंतर पाश्चात्त्य विद्यापीठांत असा विचार जोरात होता की सर्व समाज एकाच वाटेने जातात, कोणी पुढे असतो, कोणी मागे, एवढाच काय तो फरक. वॉल्ट रॉस्टो या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९६० मध्ये आर्थिक वाढीचे पाच टप्पे मांडले आणि प्रत्येक देशाला त्यांतूनच जावे लागते असे सांगितले. त्याच्या आधी जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर याने विज्ञान आणि हिशेबी विचार वाढतो तसा जगावरचा दैवी पडदा दूर होत जातो, अशी मांडणी केली होती. या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि यंत्र आले की देव जाणार, शहर आले की कुटुंब मोडणार, असा सरळ हिशेब लोकांच्या मनात बसला. प्रत्यक्षात युरोपातही तो नीट जुळला नाही. फ्रान्सने १९०५ च्या कायद्याने चर्च आणि शासन यांची फारकत केली, पण शेजारच्या ब्रिटनमध्ये राजा आजही इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख आहे. दोन्ही देश आधुनिक, हे कोणी नाकारत नाही. पुढे २००० च्या सुमारास श्मुएल आयझेनस्टाट या इस्रायली समाजशास्त्रज्ञाने ‘बहुविध आधुनिकता’ हा विचार मांडला. पश्चिमेकडून आलेल्या कल्पना, यंत्रे आणि संस्था प्रत्येक समाजाने आपापल्या परंपरेशी भांडत, तडजोड करत स्वीकारल्या, आणि म्हणून त्यांतून निघालेली आधुनिकताही प्रत्येक ठिकाणी वेगळी दिसते, असे त्याचे म्हणणे.

जपानचाच दाखला पुढे न्यायचा तर १८६८ च्या सत्तांतरानंतर तिथल्या राज्यकर्त्यांनी आपल्या मंत्र्यांचे मोठे शिष्टमंडळ १८७१ मध्ये अमेरिका आणि युरोपच्या दौऱ्यावर धाडले. आरमार इंग्लंडच्या धर्तीवर, सैन्य आधी फ्रान्सच्या आणि मग जर्मनीच्या, १८८९ ची राज्यघटना प्रशियाच्या, अशी त्यांनी चक्क निवड केली आणि या सगळ्यावर प्राचीन देववंशाचा दावा सांगणारा सम्राट बसवला. ही वाट त्यांची स्वतःची होती. पण तीच वाट पुढे लष्करशाहीकडे आणि आशियातल्या शेजाऱ्यांवरील आक्रमणाकडे गेली, हेही विसरता येत नाही. तुर्कस्तानात मुस्तफा कमाल यांनी उलट केले. १९२५ च्या कायद्याने फेझ टोपीवर बंदी घालून हॅट आणली, १९२८ मध्ये लिपीच बदलली, म्हणजे काल वाचता येणारा माणूस आज निरक्षर ठरला. टोपीवरून माणसांना शिक्षा करणे हा मला त्या सुधारणेतला सर्वांत पोकळ भाग वाटतो. पण त्याच राज्याने १९३४ मध्ये स्त्रियांना संसदेच्या निवडणुकीत मतदानाचा हक्क दिला, तर घड्याळे आणि बँकांसाठी जगभर नावाजलेल्या स्वित्झर्लंडमध्ये स्त्रियांना देशपातळीवरचे मतदान १९७१ मध्ये मिळाले. आपल्या आजीने १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मत टाकले असेल, तर या एका बाबतीत ती आपल्या वयाच्या स्विस बाईच्या वीस वर्षे पुढे होती.

आता आपल्या वऱ्हाडाकडे येऊ. आपल्याकडे आधुनिक जग पुस्तकातून येण्याआधी कापसाच्या गाठीतून आले. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्याने तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला, आपल्या पऱ्हाटीला एकाएकी मोल आले, आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू झाली आणि १८८० च्या दशकात तिथे सूत कातण्याच्या नव्या ‘रिंग’ पद्धतीच्या चात्या वापरात आल्या. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या बऱ्याच गिरण्या त्यानंतरही कित्येक दशके जुन्या ‘म्यूल’ यंत्रालाच धरून होत्या. म्हणजे यंत्राच्या बाबतीत नागपूर इंग्लंडच्या मागे होते, हेही सरसकट खरे नाही. पण त्याच काळात गावाचे अन्न आणि गावाचे देणे दूरच्या बाजाराला बांधले गेले, आणि १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत त्याची किंमत कोणी मोजली हे वऱ्हाडाने पाहिले. तेव्हा आपले गाव आधुनिक जगाच्या बाहेर कधी नव्हतेच. ते दीडशे वर्षांपासून त्यात आहे. फक्त भाव ठरवणारा दुसरा होता.

आपल्याकडच्या सुधारणेची दुसरी बाजूही याच मातीतली आहे. गाडगे महाराज (१८७६–१९५६) अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे. त्यांना शाळा मिळाली नव्हती आणि त्यांचे साधन होते कीर्तन, म्हणजे आपल्याकडचा सर्वांत जुना आणि सर्वांना ओळखीचा प्रकार. दिवसा हातात खराटा घेऊन ते गाव झाडत आणि रात्री कीर्तनात समोरच्या माणसाला वऱ्हाडी बोलीत एकेक प्रश्न विचारून त्याच्याच तोंडून उत्तर काढत: नवसाला बकरे कशासाठी कापायचे, लग्नासाठी कर्ज का काढायचे, पोराला शाळेत का घालत नाही. हे सारे त्यांनी कोणत्या विलायती ग्रंथातून घेतले नव्हते. नवे विचार जुन्या साधनाने पोचवता येतात याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही. पुढे तुकडोजी महाराजांनी मोझरीहून तेच काम खंजिरी आणि ओवी यांच्या बळावर केले.

आपल्या जिल्ह्यातील सेवाग्राम ते नागपूरची दीक्षाभूमी हे अंतर जेमतेम पाऊणशे किलोमीटरचे. पण आधुनिक भारत कसा असावा या प्रश्नाची दोन अगदी वेगळी उत्तरे या दोन टोकांना आहेत. १९३६ पासून सेवाग्रामला राहिलेल्या गांधीजींना यंत्रांवर उभी असलेली संस्कृती मान्य नव्हती. तरीही शिवणयंत्राचे त्यांनी मोकळेपणाने कौतुक केले होते आणि सुधारित चरख्यासाठी १९२९ मध्ये चरखा संघाने एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. माणसाला बेकार करणारे यंत्र नको, त्याच्या हाताला बळ देणारे हवे, हा त्यांचा निकष. बाबासाहेब आंबेडकरांना मात्र ज्या खेड्यावर गांधीजी भारत उभा करू पाहत होते, ते खेडेच जातीचे आगर वाटत होते, आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी ते कठोर शब्दांत सांगितले. तेच बाबासाहेब, कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेले, कायद्याचे राज्य आणि यंत्रयुग यांच्या बाजूने ठाम उभे असलेले, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो अनुयायांसह अडीच हजार वर्षे जुन्या धम्माकडे वळले. आपल्या पुतण्याच्या मापाने हे मागे जाणे ठरेल. परंतु बाबासाहेबांनी धर्माला प्रश्न विचारले होते: तो बुद्धीला पटतो काय, तो माणसामाणसांत समता मानतो काय? जुने की नवे हा त्यांचा प्रश्न नव्हता. माझ्या मते आधुनिकतेची पारख इथे आहे: चालत आलेली कोणतीही व्यवस्था ही माणसाने केलेली आहे, म्हणून तिला जाब विचारता येतो, आणि तो जाब विचारण्याचा अधिकार गावातल्या प्रत्येकाला आहे, हे मान्य असणे.

म्हणून ट्रॅक्टरच्या पूजेबद्दल मला आपल्याला काही विचारायचे नाही; त्या लिंबाने कोणाचे नुकसान झालेले नाही. मी विचारीन ते दुसरेच. मुलगी नर्सिंग शिकते, हे फार चांगले. पण सातबाऱ्यावर तिचे नाव लागणार आहे काय? वडिलोपार्जित शेतीत मुलीला मुलाइतकाच वाटा महाराष्ट्रात १९९४ च्या आणि देशभर २००५ च्या कायद्याने मिळालेला आहे, आणि तरीही दिवाळीला माहेरी आलेल्या बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेण्याची रीत आपल्या भागात काही कमी झालेली दिसत नाही. पुतण्यालाही हाच प्रश्न विचारून पाहा. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये राहूनही गावच्या वावराचा विषय निघाला की बहिणीने सही केलीच पाहिजे असे त्याला वाटत असेल, तर पणजोबाचे डोके नेमके कोणाकडे आहे, याचा निवाडा आपण दोघे बसून करू शकाल.

प्रश्न : माझे वडील चार वर्षांपूर्वी वारले. या उन्हाळ्यात भावाचे लग्न झाले, तेव्हा आईला हळद लावू दिली नाही. ती स्वयंपाकघरातच बसून राहिली. मी वाद घातला, तर मोठे बाबा म्हणाले, “हे बाहेरच्यांचे खूळ आहे. प्रत्येक संस्कृतीची आधुनिकता वेगळी असते, आपली अशीच आहे.” ते शिकलेले आहेत, वाचतात, म्हणून मला पटकन उत्तर सुचले नाही. आधुनिकता जर खरोखरच प्रत्येक ठिकाणी वेगळी असेल, तर त्यांचे म्हणणे बरोबर ठरत नाही काय?
— एक वाचक, दारव्हा तालुका, जिल्हा यवतमाळ

उत्तर : नाही. प्रत्येक समाजाची वाट वेगळी असते हे इतिहासाचे निरीक्षण आहे. त्यावरून प्रत्येक रूढीला माफी मिळते असे म्हणणे ही वकिली झाली, आणि ती आपल्या मोठ्या बाबांच्या आधी बड्याबड्यांनी केलेली आहे. १९९० च्या दशकात सिंगापूरचे ली कुआन यू आणि मलेशियाचे महाथीर मोहम्मद हे नेते ‘आशियाई मूल्यां’चा पुरस्कार करत असत. आशियात कुटुंब आणि शिस्त यांना महत्त्व असल्याने पाश्चात्त्य पद्धतीची लोकशाही आम्हाला लागू पडत नाही, असा त्यांचा रोख होता. त्याला १९९४ मध्ये उत्तर दिले ते कोणा युरोपीय माणसाने नव्हे, तर दक्षिण कोरियाच्या किम दे-जुंग यांनी, ज्यांनी स्वतःच्याच देशातल्या हुकूमशाहीचा तुरुंग भोगला होता. लोकांच्या हक्काची बीजे आशियाच्या विचारपरंपरेतही आहेत, असे त्यांनी दाखवून दिले आणि १९९८ मध्ये ते आपल्या देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले.

आपल्याला तर कोरियापर्यंत जाण्याचीही गरज नाही. यवतमाळहून बुलढाणा फार लांब नाही. त्या गावातल्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली, तेव्हा निमित्त झाले होते सुरतच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेवर नवजात बाळाच्या हत्येबद्दल झालेल्या खटल्याचे. तिला न्यायालयाने दिलेल्या शिक्षेपेक्षा त्यावरून साऱ्या स्त्रीजातीला बोल लावणारी वर्तमानपत्री शेरेबाजी ताराबाईंना अधिक झोंबली. पुरुष धर्माचे नियम आपल्या सोयीने मोडतात आणि तेच नियम विधवेच्या गळ्यात बांधतात, त्याची जबाबदारी कोणाची, हा त्यांचा मुद्दा होता. ही बाई इंग्रजी शाळेत गेलेली नव्हती, विलायतेला तर नाहीच नाही. तिचा राग अस्सल वऱ्हाडातला आहे. त्यामुळे विधवेला हळदीपासून दूर ठेवू नका, ही मागणी बाहेरून आली असे मोठ्या बाबांना वाटत असेल, तर ते आपल्याच प्रांताचा इतिहास विसरत आहेत. अगदी अलीकडे, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि इतर गावांनीही तसे करावे असे परिपत्रक त्याच महिन्यात राज्य सरकारने काढले. तेही एक खेडेच आहे.

मोठ्या बाबांशी पुन्हा बोलणे झाल्यास त्यांना संस्कृतीवर व्याख्यान देऊ नका; ते त्यात आपल्याला हरवतील, कारण ते वाचतात. एवढेच विचारा की आपली आधुनिकता अशी आहे हे ठरवताना आईला कोणी विचारले होते काय? ज्याच्या अंगावर रूढी चालते, त्याला ठरवण्यात जागा नसेल, तर ती संस्कृतीची निवड नसून घरातल्या चार माणसांची निवड असते. आई स्वतःच नको म्हणाली तर काय, असे आपल्या मनात येईल. पुष्कळदा तसे होते, आणि लोक काय म्हणतील ही धास्ती त्यामागे असते. म्हणून तिला एकटीला पुढे ढकलण्यापेक्षा पुढच्या कार्यात घरातल्या सुनेने आणि आपण तिचा हात धरून तिला मांडवात आणलेले बरे. नवऱ्या मुलानेच पहिली हळद तिच्या हातून लावून घेतली, तर मोठ्या बाबांना त्याच्याशी मांडवात भांडण काढणे जड जाईल.

प्रश्न : मी सेवानिवृत्त शिक्षक आहे. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी मुलांची भाषणे तपासताना “आदिवासी समाज अजून आधुनिक झालेला नाही” हे वाक्य निम्म्याहून अधिक भाषणांत आढळले. मला ते खटकते, पण मुलांना नेमके काय सांगावे?
— एक वाचक, धानोरा तालुका, जिल्हा गडचिरोली

उत्तर : आपण ज्या तालुक्यात राहता, त्याच तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाची हकीकत मुलांना सांगा. “दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार” ही घोषणा या गावाची. इथली ग्रामसभा बहुमताने हात वर करून निर्णय घेत नाही. सर्वांची सहमती होईपर्यंत चर्चा चालते आणि त्यात स्त्रियाही असतात. विषय अवघड असेल तर गावात अभ्यास गट बसतात, बाहेरच्या जाणकाराला बोलावतात, कायदा वाचून घेतात. २००६ चा वनहक्क कायदा आला, तेव्हा या गावाने सामूहिक वनहक्काचा दावा केला आणि २००९ मध्ये तो मिळवला. देशात असा हक्क सर्वप्रथम मिळालेल्या गावांत त्याचे नाव आहे.

त्यानंतरची लढाई बांबूची होती. वन खाते बांबूला झाड समजत आले होते, पण नव्या कायद्यात तर तो गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारा माल, म्हणून स्पष्ट लिहिलेला होता. गावाने तो कायदा दाखवून आपला बांबू आपणच विकण्याचा आग्रह धरला. अखेर एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्यांची पुस्तिका ग्रामसभेच्या हाती देण्यात आली. तोवर तो परवाना देण्याचा अधिकार वन खात्याच्या अधिकाऱ्यांकडे होता.

या गावात सहमतीची रीत जुनी आहे आणि कायद्याचे कलम नवे आहे. दोन्ही एकाच बैठकीत वापरले जातात. मुलांनी ते वाक्य खोडून त्या जागी ग्रामसभा कशी भरते याचे वर्णन लिहावे, आणि शक्य असल्यास स्पर्धेआधी शाळेने त्यांना एकदा तिथल्या बैठकीला नेऊन बसवावे. मात्र ग्रामसभेची परवानगी आधी काढा.